कार्बन नॅनोट्यूबच्या सुताचा कृत्रिम स्नायू: वापरानंतरचे मत

कार्बन नॅनोट्यूबच्या (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या) सुताचे एक रीळ मागवून त्यापासून मेण भरलेला कृत्रिम स्नायू, म्हणजे वीज दिली की आखडणारा दोरा, मी स्वतः तयार केला आणि गेले काही आठवडे तो वापरून पाहिला. अमेरिकेतील संशोधक रे बॉमन यांच्या गटाने २०१२ साली अशाच स्नायूंवर दहा लाखांहून अधिक आवर्तने घेऊन दाखवली होती, तेव्हापासून हे सूत हाताळण्याची ओढ मला लागली होती.

सूत काळेभोर, केसाहून बारीक आणि इतके हलके आहे की तळहातावर ठेवलेले जाणवतही नाही. खालच्या टोकाला वजन बांधून, ते फिरू न देता वरून मोटरने पीळ देत गेल्यावर एका क्षणी सूत आपोआप वळू लागते आणि एकामागून एक स्प्रिंगसारखी वेटोळी तयार होतात. हे दृश्य कितीही वेळा पाहिले तरी मन भरत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण येथे टोक बोटांतून निसटले की सारा पीळ क्षणात उलगडतो.

वीज सोडली की मेण तापून फुगते, सुताचा पीळ सुटू पाहतो, परंतु दोन्ही टोके फिरू शकत नसल्याने वेटोळी जवळ येतात आणि वजन झटक्यात वर उचलले जाते. हा झटका खरोखर जोरकस आहे. मात्र वजन वर धरून ठेवायचे तर वीज सतत द्यावी लागते आणि तिचा बहुतांश भाग उष्णतेतच जातो.

विक्रेत्याविषयी माझी तक्रार अशी, की सुताची जाडी सर्वत्र सारखी नव्हती, त्यामुळे बारीक जागा अधिक तापून तेथील मेणाचा धूर झाला. या सुताला डाख धरत नाही, टोके चांदीच्या लेपाने किंवा दाबून जोडावी लागतात, हेही सोबतच्या पत्रकात नव्हते.

मासेमारीच्या नायलॉन दोऱ्यापासूनही असे स्नायू बनतात आणि त्यांचे आकुंचन ४९ टक्क्यांपर्यंत जाते, हे २०१४ साली सिद्ध झाले आहे. नायलॉनमधून वीज वाहत नसल्याने त्यावर तापणारी तार गुंडाळावी लागते, तर हे सूत स्वतःच तापते, आणि बारीक असल्याने लवकर निवतेही. वेगवान, छोट्या हालचालींसाठी मी हेच सूत घेईन. पीळ देण्याचा हात बसेपर्यंत मात्र नवशिक्याने नायलॉनच वापरावे.