‘नव्या बॅटरीला काय होणार?’ असं म्हणता म्हणता आठ हजार गेले

गाडीची नवी बॅटरी खराब निघू शकते का? आधी उत्तर देऊन टाकते, कारण वेळेवर कुणी मला ते दिलं असतं तर माझे पैसे वाचले असते. हो, नवी बॅटरीसुद्धा खराब निघते. आणि ‘नवी’ म्हणून गळ्यात मारलेली बॅटरी नवीच असेल असंही नाही.

डिसेंबरात गाडीची जुनी बॅटरी बसली. चार वर्षं चालली होती, त्यामुळे तक्रार नव्हती. नाशिकच्या थंडीत म्हाताऱ्या बॅटऱ्या अशाच मान टाकतात. शाळेला उशीर होत होता म्हणून द्वारकेजवळ दिसलं त्या दुकानात गेले. जुनी देऊन ४,२०० रुपये, म्हणजे इतरांपेक्षा सात-आठशेने स्वस्त. स्टिकर चकचकीत, टर्मिनलवर लाल-काळी टोपणं.

“बिल पाहिजे का ताई? मग जीएसटी वाढेल. वॉरंटी कार्ड आहे ना, छत्तीस महिने बिनधास्त.” कार्डावर शिक्का मारला, तारखेची जागा कोरी ठेवली. “तारीख राहू द्या, पुढे तुमच्याच फायद्याचं.” माणूस चांगला वाटला हो मला! जीएसटीचे पैसे वाचवायला निघाले ही चूक माझीच, ती कुणावर ढकलत नाही.

अठराव्या दिवशी सकाळी चावी फिरवली तर नुसतं टक-टक-टक. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप देऊन शाळा गाठली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, बॅटरीकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, “नवी आहे मॅडम, हिला काय होणार? अल्टरनेटर चार्ज करत नसेल.” मीटर लावला नाही, काही नाही. अल्टरनेटर म्हणजे गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग. तो काढून रिकंडिशन, म्हणजे दुरुस्त केलेला जुना, बसवला, मजुरीसकट ३,८००. गाडी चार दिवस चालली. पाचव्या दिवशी टक-टक-टक. आता मेकॅनिक सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, उतरवायचं म्हणायला लागला.

त्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका मध्ये पडले. ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, घरात व्होल्ट मोजायचे तीन मल्टिमीटर. त्यांनी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर धरला तर १४.१ व्होल्ट. “चार्जिंग झकास आहे. आता असं करू, रात्रभर हिला उपाशी झोपवू.” आधी चार्जरला लावून ती भरून घेतली. मग गाडीचं काही चोरून वीज पीत असेल तर तेही कळावं म्हणून मायनसची वायर काढून ठेवली. रात्री १२.५ होते. सकाळी सहाला पार्किंगमध्ये टॉर्चच्या उजेडात आकडा बघितला, १०.६.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी दोन व्होल्टच्या जरा वर. भरलेली, निवांत पडलेली बॅटरी १२.६च्या आसपास दाखवते. १०.६ म्हणजे जवळजवळ बरोबर पाच सेलांचा हिशेब. सहावा आतल्या आत शॉर्ट होऊन रात्रीत रिकामा होत होता. वायर काढलेली असल्यामुळे गाडीवर आळ घ्यायला जागाच नव्हती.

मग काकांनी स्टिकरच्या कडेवरून नख फिरवलं. खाली दुसरं स्टिकर! वर प्लास्टिकवर जिथे तारखेचा कोड उठवलेला असतो तिथे घासल्यासारखा पांढरट चट्टा. स्टिकरवरचा सिरियल नंबर कंपनीच्या कस्टमर केअरला सांगितला, तर तो आधीच दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीवर नोंदलेला. कुणाची तरी टाकून दिलेली बॅटरी चार्ज करून, पुसून, नटवून मला दिली होती.

काकांचं म्हणणं, खरोखरच्या नव्या बॅटरीतही दोष निघतो. कारखान्यातून येतानाच एखादा आतला जोड कच्चा असतो. त्याहून जास्त वेळा घडतं ते असं, की माल दुकानात वर्ष-वर्ष पडून राहतो, चार्ज हळूहळू उतरतो, प्लेटांवर सल्फेट साचतं आणि ती बॅटरी पुन्हा कधी नीट भरतच नाही.

दुकानदार अर्थातच म्हणाला, “तुमच्या गाडीतच फॉल्ट आहे. आणि बिल कुठंय?” यूपीआयने पैसे दिले होते म्हणून बरं. ती नोंद आणि चट्ट्याचा फोटो दाखवून म्हटलं, ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, लावते फोन. बिल न देणं हीच २०१९च्या ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, हेही काकांनी पाठ करून घेतलं होतं. अर्धा तास हुज्जत, मग अडीच हजार हातावर ठेवले आणि “बाकीचं विसरा.” मी घेतले. दुसऱ्या दिवशी शाळेचे पेपर तपासायचे होते, आणखी भांडायचं त्राण नव्हतं. ते चुकलंच.

नंतरची बॅटरी अधिकृत डीलरकडून घेतली, पक्क्या बिलासह. कोड वाचून महिना विचारला, कार्डावर समोर तारीख आणि नंबर लिहून घेतला, मीटर लावायला लावला. पहिली १२.३ निघाली. मागची काढायला सांगितल्यावर पोऱ्या जरा कुरकुरला, पण ती १२.७ होती. बसवल्यावर सेल्फ मारताना आकडा किती पडतो तेही बघितलं. दहाच्या खाली गेला नाही. साडेनऊच्या खाली घसरला तर संशय घ्यायचा.

राहता राहिला माझा मूळचा अल्टरनेटर, ज्याला काहीही झालेलं नव्हतं. मेकॅनिककडे मागायला गेले. तो म्हणाला, “मॅडम, तो तर भंगारात गेला.”