रोमन शिरस्त्राणाचा तुरा: सरकवायचा की फिरवायचा?

तुरा सुटा असायचा. इ.स.पू. 57 मध्ये साबिस नदीकाठच्या लढाईत शत्रू इतका अचानक आला की सैनिकांना मानचिन्हं (त्यात तुरेही आले) लावायलाही वेळ मिळाला नाही, असं खुद्द सीझर सांगतो. त्यामुळे तुरा बसवायचा कसा, हा प्रश्न महत्त्वाचाच.

पहिल्या शतकातल्या गॉल (आजच्या फ्रान्सच्या भागातल्या) धाटणीच्या लोखंडी शिरस्त्राणांवर माथ्याला मधोमध किंचित उचललेली पट्टी रिव्हेटने ठोकलेली असे. तुऱ्याच्या दांड्याचा दुबेळका पाय तिच्याखाली सरकवायचा, झालं. घाईत हेच सोपं. पण नुसत्या घर्षणावर भिस्त, म्हणून पुढच्या-मागच्या कड्यांना तुरा बांधणं आलंच.

इटालियन धाटणीत माथ्यावरच्या चकतीला लांबट खाच. दांड्याचं टी-आकाराचं टोक खाचेत घालून फिरवलं की ते आत अडकतं, अगदी पिनवाल्या बल्बसारखं. वर ओढलं तरी निघत नाही. मला हीच जोडणी जास्त पटते, कारण पकड धातूचीच आहे, दोरी फक्त तुरा फिरू देत नाही.

पुढे डेशियन युद्धांच्या (आजच्या रोमानियातल्या, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या) सुमारास शिरस्त्राणावर आडव्या-उभ्या लोखंडी पट्ट्या ठोकल्या जाऊ लागल्या. त्यांनी नेमकी माथ्यावरची जागाच व्यापली. तुऱ्यापेक्षा कवटी वाचवणं मोलाचं ठरलं.