काळी पट्टी मारलेली आरसी आणि आमची फसवणूक

जुना ट्रॅक्टर, मळणीयंत्र किंवा मोटारसायकल विकताना कागदपत्रांचे फोटो मोबाइलवरून पाठवण्याची पद्धत आता खेड्यांतही रुळली आहे आणि त्या फोटोंतील नंबरांवर काळी रेघ ओढली की काम भागले, असा बहुतेकांचा समज आहे. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या घरी या समजामुळे पैसे गेले आणि आमच्या नावावर दुसऱ्या एका कास्तकाराचेही पैसे बुडाले, म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

सोयाबीन निघाल्यावर थोरल्या बंधूंनी जुना ट्रॅक्टर विकून रब्बीची सोय करायचे ठरवले. ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला होता. कर्ज फिटले होते, पण आरसीवरची, म्हणजे वाहन नोंदणीच्या प्रमाणपत्रावरची, फायनान्स कंपनीची नोंद, जिला आरटीओबाहेरचे एजंट ‘एचपी’ म्हणतात, ती उतरवायची राहिली होती. पुतण्याने ट्रॅक्टरचे आणि आरसीचे फोटो काढले, आरसीवरचे नाव, पत्ता, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर मोबाइलमधल्याच मार्करने काळे केले, पुढची नंबरप्लेट धूसर केली आणि जाहिरात टाकली. मोबाइलच्या पडद्यावर सगळे ठार काळे दिसत होते, त्यामुळे कोणाला शंका येण्याचे कारणच नव्हते.

लवकरच एकाचा फोन आला. आपण सैन्यात आहोत आणि गावी वडिलांसाठी ट्रॅक्टर घ्यायचा आहे, असे त्याने हिंदीतून सांगितले. त्याने किमतीची घासाघीस केली नाही. ज्याला ट्रॅक्टर खरोखर घ्यायचा असतो तो आधी मीटरवर किती तास झाले ते विचारतो, टायर किती घासले आणि हायड्रॉलिक उचलते का ते विचारतो. याने त्यातले काहीच विचारले नाही. विश्वासासाठी म्हणून त्याने आधारकार्डाचा फोटो मागितला, आणि वर स्वतःच म्हणाला, “नंबर झाकून पाठवा, जमाना खराब आहे.” माझ्या मते सगळ्या व्यवहारात सर्वांत घातक वाक्य हेच होते, कारण जो माणूस आपल्याला सावध राहायला सांगतो त्याच्याविषयी संशय उरत नाही. आधारचे पहिले आठ आकडे काळे करून फोटो गेला आणि त्यानंतर तो माणूस फोन उचलेनासा झाला.

मग शुद्ध मराठी बोलणाऱ्या दुसऱ्या एकाचा फोन आला. तो स्वतःला फायनान्स कंपनीच्या वसुली विभागातला म्हणवत होता. त्याने बंधूंचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, पत्ता आणि चेसिस नंबर न अडखळता सांगितला. आपल्या एनओसीची, म्हणजे कर्ज फिटल्यावर मिळणाऱ्या ना हरकत दाखल्याची, मुदत संपली आहे, ट्रॅक्टर विकण्याआधी नवी काढावी लागेल आणि तिचे शुल्क आजच भरले तर दंड माफ होईल, असे त्याचे म्हणणे होते. एवढी माहिती कंपनीशिवाय कोणाकडे असणार, असे समजून बंधूंनी दोन हप्त्यांत १४,८०० रुपये पाठवले. एनओसी अर्थातच आली नाही. कंपनीच्या शाखेत जाऊन विचारले तेव्हा असा फोन आमच्याकडून झालेलाच नाही, एवढेच उत्तर मिळाले.

हा प्रकार कोठून सुरू झाला हे तोपर्यंत आम्हाला उमगले नव्हते. ते उमगले वाशीम जिल्ह्यातून एक गृहस्थ ट्रॅक्टर न्यायला थेट दारात उभे राहिले तेव्हा. त्यांनी बयाणा म्हणून २५,००० रुपये दिलेले होते. “भाऊ, पैसे तं मी तुमच्याच नावाच्या माणसाले देल्ले. हा कागद तुमचाच हाय ना?” असे म्हणून त्यांनी मोबाइल पुढे केला. फोटो आमच्याच आरसीचा होता, पुतण्याने काढलेलाच. मात्र काळ्या पट्ट्यांच्या जागी करडे पट्टे उरले होते आणि त्यांच्याखाली प्रत्येक अक्षर वाचता येत होते. आमचाच कागद दाखवून, आमचेच नाव सांगून त्या भामट्याने तोच ट्रॅक्टर त्यांना विकला होता. ते गृहस्थ चिडलेले होते आणि त्यांचे चिडणे रास्त होते. पोलीस ठाण्यात दोघांनी मिळून जायचे ठरेपर्यंत बरीच बोलाचाली झाली.

पट्टी निघते कशी, हे तालुक्याच्या गावी फ्लेक्स छापणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने दाखवले. वाढदिवसाचे फलक करता करता फोटोशॉपमध्ये त्याचा हात बसलेला आहे. त्याने सांगितलेले असे: नेहमीच्या फोटोत प्रत्येक बिंदूच्या उजेडाला ० ते २५५ असा आकडा असतो, ० म्हणजे ठार काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. मोबाइलमधला हायलाइटर प्रकारचा मार्कर पूर्ण अपारदर्शक नसतो. त्याच्या रेघा एकावर एक ओढल्या की कोऱ्या जागेचा आकडा समजा १२ वर येतो आणि अक्षराच्या जागेचा ३ वर. डोळ्यांना दोन्ही काळेच दिसतात, पण फाइलमध्ये फरक शिल्लक असतो आणि ब्राइटनेस व एक्सपोजर वाढवले की तो फरक ताणला जाऊन अक्षर वर येते. त्याने आमचाच फोटो उघडून ब्राइटनेस आणि एक्सपोजरच्या खुणा सरकवल्या आणि चेसिस नंबर समोर आला. त्यासाठी फोटोशॉपही लागत नाही. मोबाइलच्या गॅलरीतील साध्या सोयी पुरतात.

धूसर करणे किंवा चौकटी-चौकटी करणे हेही त्याच्या मते आकड्यांच्या बाबतीत कच्चे काम आहे. आकडे दहाच असतात. त्याच वळणाचा प्रत्येक आकडा तसाच धूसर करून कोणता जुळतो हे संगणकाला पडताळता येते आणि असे काम करणारी मोफत साधने २०२० पासून उपलब्ध आहेत. चेहरा भोवऱ्यासारखा फिरवून लपवलेले एका बालशोषण करणाऱ्या गुन्हेगाराचे फोटो जर्मन पोलिसांनी उलटे फिरवून मूळ चेहरा काढला, इंटरपोलने तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला आणि तो माणूस त्याच वर्षी थायलंडमध्ये पकडला गेला; तेच तंत्र वाईट हातांतही चालते. फोटो कापून पाठवणेही नेहमी सुरक्षित नसते. गुगलच्या पिक्सेल फोनमधील आणि विंडोज ११ मधील कापणीच्या साधनांत कापलेला भाग फाइलमध्येच उरत असल्याचे मार्च २०२३ मध्ये उघड झाले होते. दोष दुरुस्त झाला, पण त्याआधी पाठवलेले फोटो जिथे आहेत तिथे आहेत. (आमच्या नंबरप्लेटचे म्हणाल तर ती धूसर करण्याची मेहनतही वायाच गेली होती, कारण बाजूने काढलेल्या फोटोत मडगार्डवर रंगवलेला एमएच २९ चा पूर्ण नंबर स्पष्ट दिसत होता.)

जन्मतारीख त्या भामट्याला मिळाली ती आधारच्या क्यूआर कोडमधून. आठ आकडे झाकले तरी शेजारच्या चौकोनात नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो असतो. जुन्या कार्डांच्या कोडमध्ये तर पूर्ण आधार क्रमांकच असे. म्हणून आधार द्यावेच लागले तर आधार प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) संकेतस्थळावरून फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ उतरवून घ्यावे आणि त्यावरचा क्यूआर कोडही झाकावा.

झाकण्याची खात्रीची रीत मला कागदाची वाटते. फोटो काढण्यापूर्वीच त्या जागेवर जाड कागदाची पट्टी ठेवली की फाइलमध्ये मूळ आकडा जातच नाही, मग उलगडायला काही उरत नाही. फोटो आधीच काढलेला असेल तर मार्करऐवजी पूर्ण अपारदर्शक रंगाचा भरीव चौकोन ठेवावा, त्याचा स्क्रीनशॉट घेऊन तोच पाठवावा, आणि पाठवण्यापूर्वी स्वतः ब्राइटनेस शेवटपर्यंत वाढवून पाहावे. पीडीएफवर नुसता काळा चौकोन ठेवू नये. त्याखालची अक्षरे अनेकदा निवडून कॉपी करता येतात. खरे तर गिऱ्हाईक दारात येऊन ट्रॅक्टर चालवून पाहीपर्यंत आरसी दाखवण्याची गरजच नसते.

पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर फोन करावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढे वळवली जाण्याआधी खाते गोठले तरच ती परत मिळण्याची आशा असते. आम्ही उशिरा पोहोचलो आणि आमची रक्कम मिळालेली नाही. मात्र आपल्या नावाने दुसरा कोणी लोकांना फसवत असेल तर पैसे गेलेले नसले तरी तक्रार द्यावी आणि तिची पोच जपून ठेवावी, कारण उद्या आणखी कोणी बयाण्याची पावती घेऊन दारात आला तर तोच कागद आपल्या बाजूने बोलतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६६सी आणि ६६डी अशा तोतयेगिरीला लागू होतात. तक्रारीसोबत व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेकडून प्रत्येक व्यवहाराला मिळणारा ओळख क्रमांक), समोरच्याचा नंबर आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट द्यावे लागतात. पोलिसांना द्यायच्या त्या प्रतींवर मात्र कोठेही काळी रेघ ओढू नये. आमच्या पुतण्याने सवयीने तिथेही खाते क्रमांक झाकले होते आणि सगळ्या प्रती पुन्हा काढाव्या लागल्या.