स्वस्त टेलीकन्व्हर्टर घ्यायचा तर: १.४एक्स, २एक्स की नुसता क्रॉप?

टेलीकन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारा, चित्र १.४ किंवा २ पट मोठं करणारा काचांचा जोड; क्रॉप म्हणजे काढलेल्या फोटोच्या कडा कापून मधला भाग मोठा करणं. टेलीकन्व्हर्टरची निवड कन्व्हर्टरपासूनच सुरू केली की ती हमखास फसते. आधी हातातली लेन्स बघा. तिचं सर्वांत मोठं अॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र; एफ/ पुढचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) किती, आणि मागच्या बाजूला माउंटच्या (लेन्स कॅमेऱ्याला जिथे अडकते त्या कड्याच्या) आत तिची काच किती खोल आहे? या दोन प्रश्नांच्या उत्तरांतच बरेचसे पर्याय गळून पडतात. किमतीचा विचार त्यानंतर करायचा.

अॅपर्चरचं गणित ठरलेलं आहे. १.४एक्स एक स्टॉप (म्हणजे निम्मा) प्रकाश खातो, २एक्स दोन स्टॉप (म्हणजे पाऊण), आणि यात महाग-स्वस्त असा भेद नाही.

| लेन्सचं मोठं अॅपर्चर | १.४एक्स लावल्यावर | २एक्स लावल्यावर |
|---|---|---|
| एफ/२.८ | एफ/४ | एफ/५.६ |
| एफ/४ | एफ/५.६ | एफ/८ |
| एफ/५.६ | एफ/८ | एफ/११ |
| एफ/६.३ | एफ/९ | एफ/१३ |

१/१००० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ८०० वर जमणारा फोटो २एक्स लावल्यावर त्याच शटर स्पीडला आयएसओ ३२०० मागतो. शिवाय फोकल लेंथ वाढली की हाताची थरथरही तितक्याच पटीने वाढते, म्हणजे शटर स्पीड खाली आणायची सोय राहत नाही. उडता पक्षी टिपायचा असेल तर हा सगळा भार आयएसओवर येतो.

त्यापुढचा अडथळा ऑटोफोकसचा. बहुतेक डीएसएलआरचे (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचे) फोकस सेन्सर एफ/५.६ पर्यंतच्या प्रकाशासाठी बनवलेले असतात. लेन्सच्या कडेकडून येणारे किरण त्यांना लागतात, आणि अॅपर्चर त्याहून लहान झालं की तेच किरण अडतात. कॅनन ७डी मार्क २ किंवा निकॉन डी७२०० सारख्या काही बॉडी मधल्या एका बिंदूवर एफ/८ पर्यंत फोकस करतात. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत) फोकस थेट सेन्सरवर होतो, त्यामुळे चांगल्या उजेडात एफ/११ लाही काम चालतं. उजेड कमी झाला की मात्र वेग पडतो. वेग तसाही पडणारच असतो. कॅननच्या ईएफ (डीएसएलआरसाठीच्या) लेन्सवर कंपनीचा स्वतःचा १.४एक्स लावला तर फोकस मोटर मुद्दाम निम्म्या वेगाने चालवली जाते, आणि २एक्सला पाव वेगाने.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. बजेट कमी असेल तर १.४एक्सच घ्या, आणि तोही एफ/४ किंवा त्याहून मोठ्या अॅपर्चरच्या लेन्ससाठी. ३०० एमएम एफ/४ किंवा ७०-२०० एमएम एफ/२.८ ला तो शोभतो. २एक्स फक्त एफ/२.८ च्या उत्तम लेन्सवर झेपतो. कन्व्हर्टर चित्राबरोबर लेन्सचे दोषही मोठे करतो: कडांवरची जांभळी-हिरवी किनार, कोपऱ्यातला मऊपणा, सगळंच. ७०-३०० एमएम एफ/५.६ सारख्या किट झूमवर कुठलाच घेऊ नका. तिथे पैसे जातात आणि तपशील काही वाढत नाही.

आता कंपनीचा की दुसऱ्या बनावटीचा? कॅनन ईएफ १.४एक्स मार्क ३ मध्ये सात काचा आहेत, वजन २२५ ग्रॅम आहे आणि धूळ-पाण्यापासून संरक्षण आहे. पण त्याची पुढची काच माउंटच्या बाहेर डोकावते. ज्या लेन्सची मागची काच पुरेशी खोल नसते, तिला तो बसतच नाही. जबरदस्ती केली तर काचेवर काच घासेल. निकॉनच्या एफ माउंट कन्व्हर्टरवर एक छोटा दात असतो, तोही ठरावीक लेन्सशिवाय इतरांना अडवतो. केन्को या दुसऱ्या बनावटीच्या कन्व्हर्टरची काच आतच राहते, त्यामुळे तो कितीतरी जास्त लेन्सवर बसतो आणि स्वस्तही पडतो. केन्कोचा एचडी डीजीएक्स कॅननच्या ईएफ-एस (लहान सेन्सरच्या बॉडीसाठीच्या) लेन्सही घेतो, जुना प्रो ३०० फक्त ईएफ. मध्यभागी या दोन बनावटींतला फरक थोडा असतो, तो कोपऱ्यांत जास्त दिसतो. पक्षी आणि वन्यजीव बहुधा मध्येच असतात, तेव्हा अशा कामासाठी केन्को १.४एक्स हा सगळ्यांत शहाणा खर्च आहे.

जुन्या स्वस्त कन्व्हर्टरची एक खोड लक्षात ठेवा. ते कॅमेऱ्याला आपण मध्ये असल्याचं कळवतच नाहीत. त्यामुळे कॅमेऱ्यात एफ/५.६ च दिसतं, प्रत्यक्षात मात्र एफ/८ असतं. ऑटोफोकस बंद होत नाही, पण मागेपुढे हेलपाटत राहतो. बॉडीत स्टॅबिलायझेशन (थरथर भरून काढणारी सोय) असेल तर तेही चुकीच्या फोकल लेंथच्या हिशेबाने चालतं. अशा वेळी जमल्यास मेन्यूतून फोकल लेंथ हाताने भरावी.

मिररलेसला खरेदीआधी कंपनीची सुसंगत लेन्सची यादी वाचणं अटळ आहे. कॅनन आरएफ (मिररलेससाठीच्या) १००-५०० एमएमवर आरएफ कन्व्हर्टर लावला की झूम ३०० एमएमच्या खाली येत नाही. सिग्माचा टीसी-१४११ फक्त एल माउंटसाठी आहे, सोनी ई माउंटच्या सिग्मा लेन्सला त्याचा उपयोग नाही. कॅनन आर (मिररलेस) बॉडी आणि जुनी ईएफ लेन्स असेल तर स्वस्तातला मार्ग म्हणजे ईएफ कन्व्हर्टर. क्रम असा: लेन्स, कन्व्हर्टर, अॅडॅप्टर (ईएफ लेन्स आर बॉडीला जोडणारं कडं), बॉडी.

राहिला क्रॉप. २४ मेगापिक्सेलचा फोटो १.४ पट कापला की सुमारे १२ मेगापिक्सेल उरतात, दोन पट कापला की ६. पडद्यावर बघायला १२ पुरतात. ४५ मेगापिक्सेलच्या बॉडीवर तर १.४ पट क्रॉप केल्यावरही २३ च्या आसपास उरतात, तिथे कन्व्हर्टरची गरज आणखी कमी होते.

कन्व्हर्टर क्रॉपपेक्षा सरस आहे का, हे घेण्याआधी तपासता येतं. बारीक छपाईचा कागद १५-२० मीटरवर भिंतीला लावा. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, स्टॅबिलायझेशन बंद करा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. लाइव्ह व्ह्यूत मोठं करून फोकस हाताने जुळवा. आधी नुसत्या लेन्सचा फोटो घ्या, मग कन्व्हर्टरसह दोन: एक पूर्ण उघड्या अॅपर्चरवर, एक त्याहून एक स्टॉप बंद करून. पहिला फोटो १४० टक्के मोठा करून शेजारी ठेवा. नुसत्या लेन्सच्या फोटोत चिकटलेली बारीक अक्षरं कन्व्हर्टरच्या फोटोत सुटी होऊन वाचता आली, तर तो कामाचा. अक्षरं फक्त मोठी दिसतात पण वाचता तितकीच येतात, तर परत करा. पुष्कळदा एक स्टॉप बंद केल्यावरच फरक उघड होतो, म्हणून तिसरा फोटो टाळू नका. चाचणी दुपारच्या तापलेल्या जमिनीवरून घेऊ नका. हवेची थरथर चांगल्या कन्व्हर्टरलाही नापास करते. डीएसएलआरवर फोकस सतत पुढे किंवा मागे पडत असेल तर आधी मायक्रोअॅडजस्टमेंट (मेन्यूतून फोकस किंचित पुढेमागे सरकवणं) करून बघा. कॅननच्या ज्या बॉडीत ही सोय आहे, त्या लेन्स आणि कन्व्हर्टरच्या जोडीसाठी वेगळी नोंद ठेवतात.

वापरलेला घेताना टॉर्च आरपार धरून बघा. जाळ्यासारखी बुरशी किंवा काचांच्या सांध्यावर इंद्रधनुषी डाग दिसला तर नको म्हणा. पिना स्वच्छ आणि दाबल्यावर परत येणाऱ्या हव्यात. बॉडीवर बसवून हलकेच फिरवा: किंचित हालचाल चालते, पण खडखड ऐकू आली तर जड लेन्स लोंबेल आणि चित्राची एक बाजू मऊ येईल. जड लेन्स असेल तर ट्रायपॉडला नेहमी लेन्सची कॉलर (लेन्सभोवतीचं पाय असलेलं कडं) जोडा, बॉडी नव्हे. कन्व्हर्टर मध्ये आला की माउंटचे सांधे एकाचे दोन होतात.