मुलं मोठी होताना घर कुठे घ्यावं? पार्ले, मुलुंड, नौपाडा की घोडबंदर

दादाची नागपूरहून बांद्रा-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) ऑफिसात बदली झाली, तेव्हापासून आम्ही त्याच्यासाठी घर शोधतोय. भाची नववीत आहे, भाचा दहावीत. वहिनीने पहिल्याच दिवशी सांगितलं, "मुलांना कुठे जायचं असेल तर दरवेळी मला गाडी काढायला लागता कामा नये." त्या एका अटीने शोधाची दिशाच बदलली. दलालांच्या तोंडी असलेलं क्लब हाउस, पोडियम गार्डन, तरणतलाव हे सगळं मागे पडलं आणि आम्ही संध्याकाळी त्या त्या भागात नुसतं चालायला लागलो. मी स्वतः वीस वर्षं मुलुंडला राहते, त्यामुळे माझं मन तिकडे थोडं झुकलेलं असणार. ते धरूनच पुढचं वाचा.

आधी एक गैरसमज दूर करते. "शाळा जवळ हवी" हा निकष लहान मुलांच्या घरासाठी ठीक आहे. नववी-दहावीतल्या मुलाची शाळा वर्ष-दोन वर्षांत संपते. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झालेत, कॉलेज गुणांवर आणि पसंतीक्रमावर ठरतं. मूल माटुंग्याला जाईल की ऐरोलीला, हे आज कुणीच सांगू शकत नाही. म्हणून तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी घर बघताना तीन गोष्टी चालत जाण्याच्या अंतरावर हव्यात: रेल्वे स्टेशन, क्लास आणि मित्रमैत्रिणी. आणि कसोटी एकच. जुलैतली रात्र, साडेनऊ वाजलेत, क्लास सुटलाय, पाऊस पडतोय, पाठीवर जड दप्तर आहे आणि मुलगी एकटी आहे. ती घरी चालत येईल का? तुम्ही तिला येऊ द्याल का?

विलेपार्ले पूर्व

या कसोटीला पार्ले सगळ्यात सहज उतरतं. रेल्वेचे रूळ आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग यांच्या मधला हा पट्टा. स्टेशनवरून निघालं की पंधरा-वीस मिनिटांत हायवे येतो, म्हणजे गावच त्याहून मोठं नाही. वाटेत कुठेही मोठा, जीव मुठीत धरून ओलांडावा असा रस्ता लागत नाही. हनुमान रोड, नेहरू रोड, महात्मा गांधी रोड, सुभाष रोड, सगळीकडे तळमजल्यावर दुकानं आहेत आणि ती रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. फुटपाथपेक्षाही मुलींना खरा आधार असतो तो या उघड्या दुकानांचा.

इथल्या काही संस्था शंभर वर्षांच्या आहेत. पार्ले टिळक विद्यालय १९२१ चं, लोकमान्य सेवा संघ १९२३ चा, आणि साठ्ये कॉलेज १९५९ मध्ये पार्ले कॉलेज म्हणून सुरू झालेलं. डहाणूकर कॉलेज आणि दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहही इथेच, प्रबोधनकार ठाकरे क्रीडा संकुलाचा तरणतलावही इथेच. पूल ओलांडून पश्चिमेला गेलं की मिठीबाई आणि एन. एम. कॉलेज. सोळा वर्षांच्या मुलाला "कंटाळा आला" म्हणून घरात बसून राहावं लागू नये, एवढं सगळं पायाखाली आहे.

गाड्यांचं म्हणाल तर पार्ल्याला जलद लोकल थांबत नाही. धीम्या गाड्या आणि हार्बर, दोन्ही मिळतात. दादासाठी आणखी एक सोय झाली आहे. हायवेपलीकडे विमानतळाच्या टर्मिनल १ पाशी मेट्रो ३ चं स्थानक झालंय आणि तिथून थेट बीकेसी गाठता येतं.

अडचण पैशाची. आम्ही बघितलेल्या घरांत पार्ल्याचं भाडं सगळ्यात जास्त होतं. एक खोली कमी, लिफ्ट जुनी आणि तरीही मुलुंडपेक्षा महाग. दुसरी अडचण पुनर्विकासाची. विमानतळामुळे इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे, पण जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचं काम गल्लोगल्ली चालू आहे. पत्रे फुटपाथपर्यंत येतात आणि काँक्रीटच्या मिक्सरच्या गाड्या अरुंद गल्लीत मागे-पुढे करत असतात. घर बघताना शेजारच्या दोन्ही सोसायट्यांची मीटिंग कुठवर आली आहे, हे वॉचमनला जरूर विचारा. ते कळलं की पुढच्या तीन वर्षांत खिडकीबाहेर काय असेल याचा अंदाज येतो.

मुलुंड

मुलुंडची दोन गावं आहेत, ती एकत्र मोजू नका.

पश्चिमेचा जुना भाग १९२२ च्या सुमारास आखून वसवला गेला. स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंत रस्त्यांची चौकोनी जाळी आहे. याचा फायदा नकाशावर कळत नाही, चालताना कळतो. एक गल्ली खणलेली असली तर शेजारच्या गल्लीने जाता येतं आणि अंतर तेवढंच राहतं. चौक जवळजवळ असल्याने गाड्यांना वेग घेता येत नाही. कालिदास नाट्यमंदिर, त्याला लागून क्रीडा संकुल आणि तरणतलाव, महाराष्ट्र सेवा संघाचं वाचनालय, हे सगळं असताना मुलांना करमणुकीसाठी मॉल शोधावा लागत नाही.

पण एक रेष आखून घ्या: लाल बहादूर शास्त्री मार्ग. त्याच्या अलीकडे, म्हणजे स्टेशनच्या बाजूला, घर मिळालं तर उत्तम. पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी टॉवर सुंदर आहेत, हवा छान आहे, खिडकीतून राष्ट्रीय उद्यानाचं जंगल दिसतं. मात्र मुलांना दररोज तो रस्ता ओलांडावा लागेल आणि रात्री वरच्या रस्त्यांवर वर्दळ कमी होते. आमच्या भाचीने तिथे पाच मिनिटं चालल्यावर स्वतःच विचारलं, "आत्या, इथे माणसं कुठेयत?" त्या प्रश्नानंतर आम्ही तिथली घरं बघणं थांबवलं.

पूर्वेचं मुलुंड पार्ल्यासारखंच रूळ आणि हायवे यांच्या मधे आहे. मिठागर रोडवर १९८४ पासूनचं वझे-केळकर कॉलेज, नव्वद फुटी रस्ता, टाटा कॉलनी, गव्हाणपाडा. सगळं सपाट आणि स्टेशनला धरून. मुलांना सायकल चालवायची असेल तर या सगळ्या भागांत मला सकाळचं मुलुंड पूर्वच त्यातल्या त्यात बरं वाटतं. उणीव आहे ती गाड्यांची. जलद लोकल मुलुंडला मोजक्याच थांबतात. दादाला धीम्या गाडीने कुर्ल्याला उतरून पुढे बस किंवा रिक्षा धरावी लागेल आणि कुर्ल्याची ती संध्याकाळची रांग छोटी नसते.

नौपाडा, ठाणे

ठाण्याला गावपण आहे, आणि नौपाडा-विष्णुनगर-घंटाळी या भागात ते अजून टिकून आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून इथेच आली. आज मुलांच्या कॉलेजच्या दृष्टीने यापेक्षा चांगलं स्टेशन मला दुसरं सुचत नाही. जलद आणि धीम्या दोन्ही गाड्या थांबतात, ठाण्याहूनच सुटणाऱ्या लोकल आहेत, आणि ट्रान्स-हार्बरने ऐरोली, वाशी, नेरूळ, पनवेल थेट गाठता येतं. अकरावीचं कॉलेज किंवा पुढे इंजिनीअरिंग कुठेही लागो, नौपाड्यातून मूल दहा-पंधरा मिनिटं चालून गाडीत बसू शकतं.

संध्याकाळी राम मारुती रोड आणि गोखले रोड माणसांनी फुललेले असतात. तलावपाळीला फेरी मारायची, गडकरी रंगायतनला नाटक बघायचं, हे मुलं आपापली ठरवतात. १८५० चं नगर वाचन मंदिर आणि १८९३ चं मराठी ग्रंथसंग्रहालय दोन्ही चालत जाण्याच्या टप्प्यात आहेत, आणि दहावी-बारावीच्या वर्षी घरात पाहुणे असले की अभ्यासाला बसायला शांत जागा लागतेच. दिवाळीच्या पहाटे तर अख्ख्या शहरातली तरुण मुलं इथे नटूनथटून येतात. त्या वयात आपलं घर तिथून पाच मिनिटांवर असणं किती मोलाचं असतं, हे मुलांनाच विचारा.

तरीही नौपाड्यातलं चालणं आरामाचं नाही. फुटपाथ अरुंद, त्यावर दुचाकी लावलेल्या, दुकानांचा माल बाहेर आलेला. दर दहा पावलांवर खाली उतरून रस्त्यावरून चालावं लागतं, शेजारून रिक्षा घासून जातात. माणसांच्या गर्दीमुळे मुलगी सुरक्षित असते, पण आजीला बरोबर न्यायचं तर हात धरावा लागतो. वंदना टॉकीजच्या आसपास जोराच्या पावसात पाणी साचतं, त्या बाजूला तळमजला घेऊ नका. मोकळ्या मैदानाचीही कमतरता आहे.

घोडबंदर रोड, ठाणे

इथल्या बाबतीत मला स्पष्ट बोलायचं आहे, कारण बजेट बघून बरीच कुटुंबं इकडेच येतात. त्याच पैशात घर मोठं मिळतं, संकुलात बाग, कोर्ट, तरणतलाव असतो. मूल सहा वर्षांचं असेल तर यासारखी जागा नाही. खाली सोडायचं आणि निर्धास्त राहायचं. पण पंधरा वर्षांच्या मुलाला गेटच्या बाहेरचं जग हवं असतं, आणि गेटच्या बाहेर गुजरातकडे जाणारे ट्रक धावणारा महामार्ग आहे. मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, कुठेही उभं राहून बघा. समोरच्या संकुलातल्या मित्राकडे जायचं तर पादचारी पुलापर्यंत चालत जा, चढा, उतरा, परत मागे या. त्यात मेट्रोच्या कामाने रस्ता सतत बदलत राहिला आहे. कासारवडवलीहून ठाणे स्टेशन इतकं लांब आहे की चालण्याचा प्रश्नच येत नाही, बस किंवा शेअर रिक्षाच धरावी लागते.

मग काय होतं? आई-वडील ड्रायव्हर होतात. ते थकले की मुलाच्या हाती स्कूटर येते. कायद्याने सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवायचा परवाना मिळतो आणि आपल्या घरांत असते ती ११० किंवा १२५ सीसीची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाचं एक वेळ सोडा, त्या रस्त्यावर ट्रकच्या शेजारून जाणारं ते मूल आपलं असतं.

अपवाद सांगायलाच हवा. पातलीपाड्याच्या हिरानंदानी इस्टेटसारख्या मोठ्या वसाहतींत आतले रस्ते रुंद आहेत, फुटपाथ सलग आहेत, दुकानं आणि शाळा आतच आहेत. मुलांचे मित्र, क्लास सगळं आतच असेल तर तिथे चालण्याचं सुख नौपाड्याहून जास्त आहे. स्टेशन मात्र दूर ते दूरच.

डोंबिवली पूर्वेचाही विचार केला. फडके रोडचा परिसर चालायला आणि मुलांच्या संगतीला छान आहे, घरं सगळ्यांत स्वस्त आहेत, जलद गाड्या थांबतात. पण दादाने सकाळची गाडी एकदा अनुभवली आणि नाव यादीतून काढलं. मुलाला रोज त्या गर्दीत पाठवायची माझीही तयारी नाही.

आमच्यापुरतं बोलायचं तर यादीत आता पार्ले आणि नौपाडा उरलेत. मुलगी मोठी असती आणि नवी मुंबईतलं कॉलेज जवळजवळ ठरलेलं असतं तर मी डोळे मिटून नौपाडा म्हटलं असतं. मुलांना एकटं बाहेर सोडायची सवय नव्याने लावायची असेल आणि वडिलांचं ऑफिस बीकेसीला असेल, तर एक खोली कमी घेऊन पार्ले. मुलुंड पूर्व या दोन्हींच्या मधे आहे, आणि कुर्ल्याची रांग नसती तर मी हट्टाने दादाला शेजारी आणलं असतं. विकत घ्यायची घाई मात्र करू नका. आधी अकरा महिन्यांच्या करारावर राहा, म्हणजे एक पावसाळा आणि दहावीचा निकाल, दोन्ही त्यात येतात.

येत्या शुक्रवारी रात्री मुलं दोघंच नेहरू रोडवरून स्टेशनपर्यंत चालत जाणार आहेत. आम्ही तिघं घरीच थांबणार आहोत, परत आल्यावर त्यांचं ऐकायला.