पंधरा रुपयांचा ऑनलाइन सातबारा : वापरून बघितला

परवा अण्णांचा गावाहून फोन, पीककर्जाला सातबारा नि आठ अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) पाहिजे, तलाठी तात्या दुसऱ्या सजाला (त्यांच्याकडच्या दुसऱ्या गावांना) गेलेत, काय करू? मी इकडे पुण्यात. म्हटलं थांबा, महाभूमीच्या, म्हणजे सरकारच्या जमीन नोंदींच्या, डिजिटल सातबारा साइटवरून काढतो. मोबाइल नंबर टाकला, ओटीपी आला, खात्यात पैसे भरले, जिल्हा तालुका गाव गट नंबर निवडला की झालं, एका उताऱ्याचे १५ रुपये. पीडीएफ व्हॉट्सअॅपवर पाठवली, तोवर अण्णांचा चहासुद्धा संपला नव्हता.

फुकटवाला सातबारा महाभूलेख या दुसऱ्या सरकारी साइटवर दिसतो, पण तो नुसता बघायला, कागद म्हणून चालत नाही. पैसे भरून काढलेल्यावर डिजिटल सही असते आणि खाली १६ अंकी नंबर असतो, तो साइटवर टाकून कोणीही खरंखोटं तपासू शकतं, वेगळ्या सहीशिक्क्याची गरजच नाही. तरी कर्जवाल्या साहेबांनी (कुठले ते जाऊ दे) विचारलंच, "गोल शिक्का कुठाय?" आता काय बोलणार!

पण एक गोष्ट नीट समजून घ्या, ती सही एवढंच सांगते की सर्व्हरवर जे आहे तेच कागदावर आलंय, बरोबर आहे असं नाही सांगत. हा सगळा डेटा मूळ हस्तलिखित वह्यांवरून टाइप केलेला, तिथे नावात किंवा क्षेत्रात चूक झाली असेल तर सहीसकट चूकच हातात येते आणि मग तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ चा, म्हणजे चूक दुरुस्तीचा, अर्ज करत बसा. कर्ज फेडलं तरी सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यात बोजा (कर्जाची नोंद) तसाच दिसतो, बोजा कमी केल्याचा फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, मंजूर होईपर्यंत. म्हणून डाउनलोड केल्यावर आधी तो रकाना बघा, मग पुढे पाठवा.

बारा नंबरचं, म्हणजे सातबाऱ्यातल्या पिकांच्या नोंदीच्या भागाचं, तर आणखी वेगळंच, २०२१ पासून ई-पीक पाहणी अॅपवर पीक आपणच नोंदवायचं, शेतात उभं राहून फोटो काढून. हीच नोंद पुढे पीकविम्याला, हमीभावाच्या खरेदीला बघतात, आणि आमचे अण्णा म्हणतात "रेंज आली की करतो"! बांधावर रेंज येत नाही हे त्यांनाही माहितीय. या रविवारी मीच जाणार आहे, सोयाबीनचा फोटो काढायला.