मनात ओएलईडी होता, घरी आला मिनी-एलईडी

आमचा ३२ इंची टीव्ही अचानक मुका नाही तर आंधळा झाला, म्हणजे आवाज येतोय पण चित्र गायब. मेकॅनिक आला, त्याने पडदे ओढायला लावले, मोबाईलचा टॉर्च स्क्रीनला टेकवला आणि म्हणाला, बघा, चित्र आहे. खरंच होतं! टॉर्चच्या गोलात बातम्या देणारी बाई पुसट दिसत होती. "पॅनेल ओके आहे साहेब, मागची पट्टी गेलीय." तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की आपण इतकी वर्षं ज्याला एलईडी टीव्ही म्हणतोय तो मुळात एलसीडीच, एलईडी फक्त मागचे दिवे.

पट्टी बदलून तो टीव्ही आत बेडरूममध्ये गेला आणि हॉलसाठी ५५ इंची बघायला निघालो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे घरातून परवानगी पण पटकन मिळाली.

दुकानात गेलात की पहिली गोष्ट, तिथे सगळे टीव्ही भडक मोडवर लावलेले असतात, पोपट, मध, रंगीत धूर असले व्हिडिओ. त्यात ओएलईडी शेजारी असेल तर बाकी सगळे फिके वाटतात आणि ते खोटंही नाही, कारण त्यात मागे दिवाच नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा म्हणजे बंद टीव्हीसारखा काळा. कडेला बसून बघितलं तरी रंग फारसे उतरत नाहीत. मी तर पाच मिनिटांत ईएमआयचा हिशोब सुरू केला होता.

सेल्समनचं ज्ञान मात्र विचारू नका. "सर, क्यूएलईडी आणि ओएलईडी सेमच, कंपनी वेगळी." अरे कसं सेम? क्यूएलईडी हे नाव सॅमसंगने २०१७ पासून चालवलं, आता बरेच ब्रँड वापरतात, पण आत परत तोच एलसीडी आणि मागे दिवे, फक्त मध्ये क्वांटम डॉटचा, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा थर, त्याने रंग खुलतात. मागचा उजेड झिरपून काळा राखाडी दिसण्याचा प्रॉब्लेम तसाच राहतो. मिनी-एलईडीत मागचे दिवे बारीक बारीक आणि भरपूर असतात, त्यांचे गट करून जिथे सीन काळा तिथले मंद करतात. किती गट आहेत हे विचारलं तर हा म्हणतो "फुल आहेत सर".

मी पेनड्राइव्हवर एक व्हिडिओ नेला होता, पूर्ण काळी स्क्रीन आणि त्यात फिरणारा एक पांढरा ठिपका. ही युक्ती जरूर करा. साध्या क्यूएलईडीवर अख्खी स्क्रीन राखाडी झाली, मिनी-एलईडीवर ठिपक्याभोवती चंद्राला पडतं तसं खळं आणि ओएलईडीवर फक्त ठिपका. बायको म्हणाली, मग घे ना तोच.

पण घरचा विचार केला. आमचा हॉल पश्चिमेचा, दुपारी तीननंतर गॅलरीतून ऊन थेट समोरच्या भिंतीवर, तिथे भरपूर उजेड फेकणारा टीव्हीच लागतो. आणि दुसरं म्हणजे बाबा! सकाळी सातपासून एकच न्यूज चॅनेल, खाली लाल पट्टी, कोपऱ्यात लोगो, हलत नाही काही. ओएलईडीवर असं वर्षानुवर्षं चाललं की त्या जागेचे पिक्सेल जास्त झिजतात आणि डाग कायमचा बसू शकतो. त्यावर उपाय म्हणून टीव्ही स्टँडबायला, म्हणजे रिमोटने बंद पण भिंतीवरचं बटण चालू, असताना स्वतःची डागडुजी करून घेतो म्हणे, छान आहे, पण आमच्याकडे रात्री झोपताना बाबा भिंतीवरचं बटण बंद करतात, फ्रिज सोडून सगळं. चाळीस वर्षांची सवय, ती टीव्हीसाठी बदलणार नाही. विषय संपला, मिनी-एलईडी घेतला.

दोन महिने झाले. दुपारच्या उन्हात क्रिकेट मस्त दिसतं. रात्री लाईट घालवून पिक्चर लावला की पांढऱ्या सबटायटलभोवती उजेड सांडतो, आम्ही मागे एक छोटा दिवा चालू ठेवतो, मग जाणवत नाही. पॅनेल व्हीए प्रकारचं आहे, समोरून काळा छान, पण डायनिंग टेबलवरून, म्हणजे पार कडेने, रंग धुतल्यासारखे. आयपीएस हा एलसीडी पॅनेलचा दुसरा प्रकार घेतला असता तर उलटं झालं असतं, कडेने बरं पण अंधारात काळ्याचा राखाडी. आणि हो, घरी आल्याआल्या मोशन स्मूदिंग, म्हणजे मधली चित्रं स्वतः घालून हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग, बंद करा, नाहीतर प्रत्येक पिक्चर सिरीयलसारखा दिसतो.

बाबांचं म्हणणं मात्र ठाम, बातम्या जुन्या टीव्हीतच चांगल्या दिसायच्या. त्यांचं चुकतही नाही हो, चॅनेल एसडी, जेमतेम ५७६ ओळींचं चित्र, ते २१६० ओळींच्या ५५ इंची स्क्रीनवर ताणलं की निवेदकाचा चेहरा लोण्यासारखा होणारच. एचडी पॅक घेऊया म्हटलं तर म्हणाले, बातम्या ऐकायच्या असतात.